माईंचा डावा अंगठा

देवाशप्पथ सांगतो, हे सगळं खरं आहे. म्हणजे, बरंचसं खरं आहे. एक किस्सा मी थोडा फुगवला आहे. एक मले संतरामनं सांगितला, अन् संतराम जगातल्या सगळ्याच गोष्टींले "हव", म्हणजे हो, म्हणते, म्हणून त्याची गॅरंटी नाही. बाकी सगळं माझ्या नाकासमोर झालं. नाक तेव्हा बंद होतं, हा भाग वेगळा.

किस्से असेच साचतात, भाऊ. चोंदलेल्या नाकासारखं आहे ते. वाटते, आता आत काही उरलं नाही. मंग कोणीतरी एक शिंक देते अन् मागचं सगळं रांगेत बाहेर येते! आता तुम्ही शिंकलेच आहात, तर बसा. चहा सांगा.

तर मी, बंटी, तीन सीझन आकाशातून उडी मारायच्या कॅम्पवर कामाले होतो. विमानातून, पॅराशूट बांधून, तीच उडी. रायपूरच्या बाहेर तेव्हा नवी राजधानी बनून राहिली होती. सहा लेनचे रस्ते तयार, सिग्नल लागलेले, अन् सिग्नलवर उभ्या फक्त गाई. त्याच्याही पलीकडे, धानाच्या शेतांच्या मधात, एक जुनी हवाई पट्टी होती. तिथे आमचा तंबू.

कॅम्प नोव्हेंबर ते जानेवारी. आकाश साफ, वारा शांत. पण याच महिन्यांत धान कापते, मळणी होते, भुसा उडते. पैरा, म्हणजे धानाची तणस, लोक शेतातच जाळते. कारखान्यांची काळी धूळ इकडून येते, नव्या राजधानीच्या सिमेंटची पांढरी तिकडून. उडीचा सीझन अन् शिंकांचा सीझन एकच! ज्यानं कॅम्पचे महिने ठरवले, त्याले बहुतेक नाकच नव्हतं.

आम्ही चौघं. सूबेदार साहेब, फौजेतून रिटायर, पहाडी माणूस, मिशा अशा की त्यांच्यासाठी वेगळं हेल्मेट लागावं. गिऱ्हाइकाले पोटाशी बांधून उडी मारणारे ते एकटेच. संतराम पॅराशूटची घडी घालून भरायचा. माई, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, साठीला टेकलेल्या, तिकिटाच्या टेबलावर. अन् मी. लोकांचे बेल्ट कसणे अन् नाकाचं रजिस्टर भरणे, हे माझं खातं.

हो, नाकाचं रजिस्टर. माझ्या आईनं नातेवाइकांत सांगितलं होतं, "आमचा बंटी एव्हिएशनमध्ये आहे."

*

नियम साधा होता. उडीच्या आधी प्रत्येकानं नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं, अन् आतून हळू फुंकायचं. हळू, जोर लावून नाही. डावा कान पुक्‌ झाला की डावा अंगठा वर. उजवा झाला की उजवा. दोन अंगठे वर आले तर विमान. नाही तर खुर्ची.

काहून, तर वर जाताना विमानाले पंधरा-वीस मिनिटं लागते, हवा आपली निवांत जुळवून घेते. खाली मात्र माणूस दगडासारखा येते. कान-कपाळाच्या पोकळ्यांचा रस्ता बंद असला तर आतली हवा एक, बाहेरची दुसरी, अन् मधात तुम्ही.

सूबेदार साहेब हे बोलून नाही, दाखवून सांगायचे. रिकामी पाण्याची बाटली वर न्यायची, वरच झाकण घट्ट लावायचं, अन् खाली आणून समोर ठेवायची. बाटली पिचकून चपाती झालेली असायची.

"ये आपका माथा है," ते म्हणायचे. "जुकाम में."

आता यात एक भोक होतं. कोणाचा कान उघडला हे दुसऱ्याले ऐकू येत नाही. सगळा कारभार अंगठ्यावर. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "साहब, कोई झूठ में अंगूठा उठा दे तो?"

ते म्हणाले, "कान तेरा, अंगूठा तेरा, ईमान तेरा. मैं सिर्फ पैराशूट देता हूं."

पहिल्याच आठवड्यात पंडरीच्या कापडबाजारातले एक सेठ आले. दिवसभर थानांच्या धुळीत बसणारा माणूस, शिंकतच गाडीतून उतरला. फुंकलं, उजवा अंगठा वर गेला. डावा काही हलेना. मी खुर्ची दाखवली. सेठ मात्र बाजारातला माणूस. सरळ सूबेदार साहेबांकडे गेला.

"साहब, एक कान तो खुला है न. आधी ऊंचाई से कुदा दो. रेट भी आधा कर लेना!"

सूबेदार साहेबांनी विचार केला. मंग संतरामले हाक मारली. "संतराम! सेठजी के लिए आधा पैराशूट निकाल!"

"हव," संतराम म्हणाला, अन् खरंच कैची शोधायला गेला.

*

माईंकडे नाकाचा एक इलाज होता. घरून आणलेला पितळी लोटा, चहाच्या किटलीसारखी बारीक तोटी असलेला. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात मोजून मीठ. डोकं एका बाजूले वाकवायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्यांची आजी तेच करायची म्हणे. प्रत्येक वापरानंतर माई लोटा स्वतः घासायच्या. माझ्यावर सोडायच्या नाहीत, अन् बरोबरच होतं.

एकदा लग्न ठरलेलं जोडपं आलं. सोबत व्हिडिओवाला. नवरदेवाचं नाक बंद. पोरगी रडवेली, कारण तिनं त्या उडीसाठी मुद्दाम पिवळा ड्रेस शिवला होता. माईंनी नवरदेवाले बादलीसमोर बसवलं अन् लोटा लावला.

तिरका बसलेला नवरदेव. एका नाकपुडीत पितळी तोटी. दुसरीतून धार. अन् त्याच वेळी मी शांतपणे म्हटलं, "भैया, कैमरे की तरफ देखो."

त्यानं पाहिलं. हसला पण! पाणी भलत्याच रस्त्यानं गेलं. खोकला, ठसका, माईंची शिवी ("गाढवा, श्वास चालू आहे त्याचा!"), पोरीची किंकाळी, सगळं रेकॉर्ड.

दोन तासांनी नाक उघडलं अन् उडी पण झाली. पण लग्नाच्या रिसेप्शनले मी गेलो होतो. मोठा पडदा लावला होता. त्यावर उडी होती वीस सेकंद. लोटा होता साडेचार मिनिटं. वरून बासरी लावली होती.

नवरदेवाची आजी रडून राहिली होती. तिले वाटलं, काही तरी विधी आहे.

*

हा संतरामनं सांगितलेला आहे, म्हणून सांभाळून घ्या.

त्याले शिंका सुरू झाल्या, म्हणून त्यानं गावातल्या दुकानातून ॲलर्जीची गोळी घेतली. स्वस्तातली, जुन्या पद्धतीची. शिंका थांबल्या. त्यासोबत संतराम पण थांबला. दुपारी पाहतो तर संतराम नाही अन् एक पॅराशूट पण नाही! सूबेदार साहेबांनी अर्धी पट्टी शोधली. शेवटी पॅकिंगच्या सतरंजीवरचं रेशमी गाठोडं घोरताना सापडलं.

साहेबांनी त्याले उठवलं. "सोया था?"

"हव."

"गोली खाई थी?"

"हव."

"सुबह से जितने पैराशूट भरे, सब सही भरे?"

"हव."

"तो चल, उनमें से एक बांध. तू और मैं. अभी."

संतराम त्या सगळ्या पिशव्यांकडे पाहत राहिला. मंग एकेक उचलली, सगळ्या उघडल्या, अन् संध्याकाळपर्यंत पहिल्यापासून भरत बसला. त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये एक रकाना वाढला, "कोणती गोळी खाल्ली?" झोपेची असेल तर दोन्ही अंगठे वर असले तरी खुर्ची.

संतराम "हव" न म्हणता गप्प बसला, असं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. म्हणजे, ऐकलं.

*

आता माईंबद्दल.

सूबेदार साहेबांनी स्टाफले कबूल केलं होतं, प्रत्येकाले एक उडी फुकट. माईंना ती पाहिजे होती. तीन सीझन त्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, पदर खोचायच्या, नाक धरायच्या, फुंकायच्या. उजवा अंगठा वर. डावा नाही. रोज! ॲलर्जी जुनी, धान कापलं की सुरू, संक्रांत झाली की बंद. अन् संक्रांत झाली की कॅम्प पण बंद.

"लिही रे बंट्या," त्या म्हणायच्या. "डावा नाही."

मी एकदा म्हटलं, "माई, उठवून टाका न अंगठा. कोण पाहून राहिलं?"

"मी तिकडे टेबलावर बसून लोकांना सांगते, खोटं बोलू नका म्हणून. मग मी काय वेगळी?"

"पण तुम्हाले उडी मारायचीच काहून आहे?"

त्यांनी चष्मा पुसला. "तीन वर्षं मी लोकांना तिकीट फाडून वर पाठवते. खाली येताना ते ओरडतात. मला फक्त पाहायचंय, ते खरंच ओरडतात की मोबाइलसाठी." मंग चष्मा परत लावत, "वरून ब्राह्मणपारा दिसतो का रे?"

मी तोवर एकदाही वर गेलो नव्हतो. "दिसते न माई! परवा एकानं सांगितलं, एका गच्चीवर पापड वाळत होते."

"पापड नव्हे ते. कुरडया," माई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला लग्नातला लाल शालू गच्चीच्या दोरीवर टांगला. अन् खाली उतरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाले विचारू लागल्या, "भैया, लाल साड़ी दिखी?"

आकाशातून नुकताच जिवंत परत आलेला माणूस कशालेही हो म्हणते. "हां आंटी, दिखी!" एक जण तर म्हणाला, "दो दिखीं!"

"दुसरी शेजारच्या दीदीची असेल," माई म्हणाल्या. आनंदात होत्या. अन् मी त्या आठवड्यात हे घरी, मित्रांत, जिथे तिथे सांगून हसून राहिलो होतो.

*

मंग माझी उडी. हा किस्सा मी फुगवलेला नाही. फुगवायले जागाच नाही.

तिसरा सीझन. माझं नाक आठ दिवसांपासून बंद. नाकात मारायचा स्प्रे मी दिवसातून सहा वेळा मारून राहिलो होतो. डब्यावर लिहिलं होतं, तीन दिवसांच्या वर मारू नका. मले वाटलं, ते दुसऱ्यांसाठी आहे. झालं असं की स्प्रे मारला की तासभर स्वर्ग, अन् मंग पहिल्यापेक्षा डबल बंद.

उडी होती आठची. मी पावणेआठला स्प्रे मारला अन् छाती काढून उभा राहिलो. पण धुकं आलं. नऊ वाजले. दहा. साडेदहा. धुकं गेलं तोवर स्प्रे पण गेला होता. मी नाक धरलं, फुंकलं. डावा बंद. उजवा बंद. दोन्हीकडे सामसूम, सुट्टीच्या दिवशीचं ऑफिस!

मी दोन्ही अंगठे वर केले.

रजिस्टर माझंच होतं. माझ्याच हातानं लिहिलं. "बंटी. दोन्ही."

वर जाईपर्यंत मजा होती. साहेबांनी मले पोटाशी बांधलं, दरवाजा उघडला, अन् आम्ही बाहेर. अन् मंग कोणीतरी भुवईच्या मागे खिळा ठोकू लागलं. आतून! मी ओरडलो. माईंनी खालून ऐकलं असेल तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तेव्हाच मिळालं असणार. मोबाइलसाठी नव्हतं ते.

आता एक विज्ञानाची गोष्ट ध्यानात घ्या. खाली पडताना आपण खाली जातो. पण आपल्या नाकातलं जे आहे, ते आपल्या इतक्या घाईत नसते. ते वर जाते. अन् माझ्या वर, माझ्या पाठीले बांधलेले, कोण होते?

आठ दिवसांचा माल होता, भाऊ. तो एका झटक्यात मोकळा झाला.

जमिनीवर उतरलो. माझ्या नाकातून थोडं रक्त, कानात विहिरीत उतरल्यासारखा आवाज. सूबेदार साहेबांनी सावकाश गॉगल काढला. जिथे गॉगल होता, तेवढाच चेहरा कोरडा होता. मिशांबद्दल मी काही बोलणार नाही.

ते म्हणाले, "बेटा, ईमान का तो पता नहीं. बाकी सब ऊपर आ गया."

कान-नाकाच्या डॉक्टरनं दोन महिने उडी बंद सांगितली अन् स्प्रे कचऱ्यात टाकला. पंधरा दिवस मले सगळं जग गादीखालून ऐकू येत होतं. पण पहिल्याच दिवशी माई जे बोलल्या, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, "दोन्ही"वर बोट ठेवलं.

"मी रोज खरं सांगून खाली बसते. तू एकदा खोटं सांगून वर जाऊन आलास."

मी म्हटलं, "माई, लाल शालू दिसला."

वरून मले धूर, शेतं अन् माझे स्वतःचे बूट, एवढंच दिसलं होतं.

*

हा शेवटचा. हा मी कोणाले सांगत नाही. म्हणजे, आजकाल सगळ्यांले सांगतो.

तो माईंचा शेवटचा सीझन होता. संक्रांतीनंतर त्या मुलीकडे नाशिकले कायमच्या जाणार होत्या. कॅम्पचे शेवटचे आठ दिवस उरले, अन् सगळ्यांनी ठरवलं, माईंचं नाक उघडायचं म्हणजे उघडायचं. सूबेदार साहेबांनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. झोप न आणणारी गोळी अन् रोज मारायचा वेगळा, सावकाश काम करणारा स्प्रे लिहून आणला. संतराम रोज पहाटे टेबलाच्या चारी बाजूंनी पाणी शिंपडायचा. टेबल वाऱ्याच्या उलट्या बाजूले हलवलं. माई लोट्यानं दोन वेळा नाक धुवायच्या, ओला पंचा तोंडाले बांधून तिकिटं फाडायच्या. शेजारच्या शेतवाल्या दाऊकडे त्या स्वतः तिळाचे लाडू घेऊन गेल्या.

"भैया, आठ दिन पैरा मत जलाओ."

"काबर दाई?" काबर म्हणजे काहून.

"मुझे ऊपर से कूदना है."

दाऊनं त्यांच्याकडे पाहिलं, लाडवाकडे पाहिलं, अन् आठ दिवस काडी पेटवली नाही. असे सगळे कामाले लागले होते.

अन् मी? कॅम्पच्या शेवटच्या दिवशी दरवर्षी मी एक गंमत करायचो. तो माझा रिवाज होता. पहिल्या वर्षी संतरामच्या डब्यात रबराचा विंचू. दुसऱ्या वर्षी पायलटच्या खुर्चीवर पापड. या वर्षी मी गोल बाजारातून तपकिरीची डबी आणली. सकाळी सूबेदार साहेबांच्या गॉगल पुसायच्या फडक्यात एक चिमूट टाकली. फक्त एक. म्हणजे, दोन.

मले वाटलं होतं, साहेबांना कधी सर्दी होत नाही. दोन शिंका देतील, मिशा उडतील, सगळे हसतील.

सकाळी नऊ. आकाश धुतल्यासारखं. माई आल्या. "शालू टांगून आलेय," म्हणाल्या. पदर खोचला. नाक धरलं. फुंकलं.

उजवा अंगठा वर.

अन् मंग, हळूहळू, जसं काही दुसऱ्याचाच हात आहे असं त्याच्याकडे पाहत, डावा.

संतराम "हव" म्हणाला. कोणी विचारलंच नव्हतं! मंग सगळे टाळ्या वाजवू लागले. पायलट पण. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "माई. दोन्ही."

माईंना सूट चढवला, बेल्ट मी स्वतः कसला. त्या हेल्मेटमध्ये एवढ्याशा दिसत होत्या. सूबेदार साहेबांनी खिशातून फडकं काढलं.

मी ओरडायले तोंड उघडलं. आता तुम्ही म्हणाल, ओरडला काहून नाही? मले माहीत नाही. अर्धा सेकंद होता. त्यातला अर्धा मी हसण्यासाठी तयार ठेवला होता.

त्यांनी गॉगल पुसला. मंग सवयीनं मिशा पुसल्या. अन् शिंकले.

एक नाही, दोन नाही. मी अकरापर्यंत मोजल्या. डोळे लाल, नाक टमाटर. पाणी मारलं, लोटा लावला. शिंका थांबल्या. साहेब उठले, अन् रोजच्या नियमाप्रमाणे स्वतःचं नाक धरलं. हो, ते पण रोज करायचे. फुंकलं.

उजवा अंगठा वर गेला.

डावा नाही.

पुन्हा फुंकलं. नाही. विमानाचा पंखा फिरत होता. माई दरवाजापाशी उभ्या होत्या. उडी मारणारा दुसरा माणूस नव्हता, अन् उद्या विमान जाणार होतं. मी साहेबांच्या जवळ गेलो. एकदम हळू म्हटलं, "साहब, उठा दो न. कौन देख रहा है?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माईंकडे पाहिलं.

"तीन साल से वो देख रही है," म्हणाले. अन् पट्टे सोडून खुर्चीवर जाऊन बसले.

आम्ही वाट पाहिली. अकरा. एक. तीन. साहेब दर अर्ध्या तासानं नाक धरायचे. माईंनी सूट काढला नाही. त्यांनी साहेबांना स्वतः वाफ दिली, लोटा धरला. पाच वाजता सूर्य धानाच्या खुंटांवर आला अन् पायलटनं मान हलवली.

मंग माई माझ्याकडे आल्या. त्या फडक्याचा वास त्यांनी कधी घेतला, मले कळलंच नाही.

"तपकीर कुठली रे?"

"गोल बाजारातली," मी म्हटलं.

"चांगली आहे."

बस्स. एवढंच! शिवी दिली असती तर हिशोब फिटला असता, अन् मी आज तुमच्यासमोर बसलो नसतो. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "मी निघते. शालू उतरवायचा आहे, दव पडेल त्यावर."

तेव्हा मले राहवलं नाही. "माई, वरून शालू दिसत नाही. कोणाले दिसला नाही. मले पण नाही. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," माई म्हणाल्या. "इथून पंचवीस किलोमीटर आहे बाबा. मी म्हातारी आहे, बावळट नाही. पण सगळ्यांत जास्त खुशीनं तूच सांगितलंस. मला वाटलं, एक दिवस खरं सांगायला येशील." मंग पिशवीतून लोटा काढला, माझ्या हातात ठेवला. "पुढच्या नोव्हेंबरात मी येते. नाक मी आणेन. तिकीट तू काढ."

आता फुकट उडी स्टाफले मिळते, अन् माई आता स्टाफ नाहीत. मी सूबेदार साहेबांले विचारलं. म्हणाले, "मेरा हिस्सा माफ. जहाज का तेल तू भरेगा."

अन् जहाज, म्हणजे विमान, भाऊ, स्कूटीच्या ॲव्हरेजवर चालत नाही.

तर हा तोच लोटा. किस्से ऐकले न? हसले पण, मी पाहिलं. मंग टाका. नाणी नको, तोटीत अडकतात. नोट घडी घालून टाका. काहून मागे सरकून राहिले? लोटा धुतलेला आहे. देवाशप्पथ.

म्हणजे, बहुतेक.